कूलर कुठे ठेवायचा?

माझ्या ऑफिसात येणारा बिल्डर आधी खुर्ची ओढतो, मग मोबाइल पुढे करतो. पडद्यावर दुबई असते, नाहीतर सिंगापूर. खालपासून वरपर्यंत निळी काच आणि टोकाला एक निमुळता काटा. "मॅडम, एलिव्हेशन असं पाहिजे." मी चित्र बघते, चांगलं आहे म्हणते आणि विचारते, "कूलर कुठे ठेवायचा?"

खरं म्हणजे हा प्रश्न विचारायचं काम माझं नाही. मी आरसीसी डिझायनर. पाया, कॉलम, बीम आणि सळईचा हिशोब एवढाच माझा प्रांत. इमारतीचं तोंड कसं दिसावं ते आर्किटेक्टने ठरवायचं. पण नागपुरात वाढलेल्या माणसाच्या तोंडी काही प्रश्न आपोआप येतात. होळी आटोपली की इथे घरोघरी कूलर बाहेर निघतात, त्यांना नव्या ताट्या लागतात आणि खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर पत्र्याचे ते डबे पावसाळ्यापर्यंत घरघरत राहतात. मुंबईच्या लोकांना यात काय एवढं ते समजत नाही, कारण तिथे कूलर चालतच नाही. पाण्याची वाफ होताना हवा थंड होते, आणि वाफ व्हायला हवा कोरडी लागते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा हवा इतकी कोरडी असते की दोरीवरची चादर पीळ सुटायच्या आत वाळते. आता एसी आले, तरी त्याचं बाहेरचं यंत्र टांगायला जागा लागतेच. चित्रातल्या निळ्या काचेवर ती कुठेच दिसत नाही.

मला उंच इमारती मनापासून आवडतात, हे आधीच सांगून टाकते. नवऱ्याला किल्ले आवडतात, मला टॉवर. परगावी गेलो की तो वर चढायला धावतो आणि मी खाली रस्त्यावर मान मोडेपर्यंत वर बघत उभी राहते. आवडीनिवडी मात्र माझ्या गावाने ठरवून दिलेल्या आहेत. इमारत किती मीटर उंच आहे यापेक्षा दुपारी चार वाजता तिच्या पश्चिमेच्या भिंतीचं काय होतं, हे मी आधी बघते.

नागपूर तसं उंच शहर नाही. चहूकडे पसरायला जागा होती, तेव्हा वर जायची गरज लोकांना फार उशिरा पडली. दुसरं कारण सोनेगावचं विमानतळ. विमानतळाभोवती एक न दिसणारं छत असतं. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मोठ्या धावपट्टीपासून साधारण ४ किलोमीटरच्या टापूत हे छत विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटरवर धरतात. त्याच्या पलीकडे ते दर २० मीटर अंतराला १ मीटर अशा चढाने वर सरकत जातं. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना तर नियम याहून कडक. ४५ मीटर म्हणजे फार तर चौदा-पंधरा मजले. शिवाय ही उंची तुमच्या प्लॉटपासून मोजत नाहीत, समुद्रसपाटीपासून मोजतात. म्हणजे प्लॉट चढावर असला की तुमचा एखादा मजला जमिनीनेच खाऊन टाकलेला असतो. वर्धा रोडवरच्या इमारती एकाच रेषेत कापल्यासारख्या का दिसतात, असं मला बरेच जण विचारतात. हे त्याचं उत्तर.

मेट्रो आल्यापासून ही रेषा फुकटात बघायला मिळते. २०१९च्या मार्चमध्ये वर्धा रोडवरून गाडी सुरू झाली आणि नागपूरकराला आपलं शहर पहिल्यांदा दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून, चालत्या खिडकीतून दिसलं. मी अजूनही खापरीहून सीताबर्डीकडे येताना डाव्या बाजूला बसते. टाक्या, डिश, कूलरचे स्टँड, वाळत घातलेले कपडे, असा इमारतींचा सगळा मागचा संसार तिथून दिसतो. इमारत कशी आहे ते दर्शनी बाजू कधी सांगत नाही, मागची बाजू सांगते.

जमिनीचं म्हणाल तर आम्ही नशीबवान. शहराच्या पश्चिम भागात खड्डा खणला की आधी काळी माती, मग मुरूम आणि मग काळा बसाल्ट लागतो. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती याच दगडाची. पूर्वेकडे दगडाची जात बदलते, नाइस लागतो, पण तोही पक्का. काळी माती तेवढी लबाड: पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर विसंबलेल्या भिंतींना तडे देते. तिला ओलांडून दगड गाठला की उंच इमारतीच्या पायाचं काम आमच्याकडे फारसं अवघड नाही.

अवघड असतो तो वारा. दोन-चार मजली घरात आम्ही मुख्यतः वजनाचा हिशोब करतो. इमारत वाढू लागली की वजन मागे पडतं आणि वारा पुढे येतो. उंची दुप्पट केली की वाऱ्याला दुप्पट अंग मिळतं आणि उलथवायला दुप्पट लांब दांडाही मिळतो, म्हणजे पायाशी येणारा उलथवणारा जोर निदान चौपट होतो. टोकाचं डोलणं तर याहूनही झपाट्याने वाढतं. लोकांना वाटतं, नागपुरात कुठला आलाय वारा! पण भारतीय मानकांच्या यादीत नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे आणि मुंबईसाठीही ४४च. ताशी दीडशे किलोमीटरच्या वर. मे महिन्याच्या अखेरीस संध्याकाळी आभाळ पिवळं पडून वावटळ उठते आणि होर्डिंगं कोसळतात, ती पाहिलेल्याला हा आकडा खोटा वाटणार नाही.

या वाऱ्याला सगळ्यात देखणं उत्तर दिलं ते आपल्या बाजूच्याच एका माणसाने. फझलुर रहमान खान, जन्म १९२९, ढाक्याचा. शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला आणि पुढे शिकागोत जाऊन उंच इमारतींचं गणितच त्याने बदलून टाकलं. त्याआधी इमारतीच्या पोटात सगळीकडे खांबांचं जाळं असायचं. खान म्हणाला, ताकद आत कशाला, कडेला न्या. बांबू आतून पोकळ असतो, तरी वादळात टिकतो, तो त्याच्या सालीच्या जोरावर. इमारतीच्या बाहेरच्या भिंतींचीच एक ताठ नळी केली की आत जागा मोकळी राहते आणि लोखंडही वाचतं. १९६९मध्ये उभी राहिलेली शिकागोची जॉन हॅन्कॉक सेंटर ही शंभर मजल्यांची इमारत अशी आहे. तिच्या चारही अंगांवर प्रचंड आकाराच्या फुल्या मारल्यात. त्या नक्षी नाहीत, तिची हाडं आहेत, बाहेरून दिसणारी. एम्पायर स्टेटपेक्षा दर चौरस मीटरला तिला पोलाद कमी लागलं. विद्यार्थिनी असताना लायब्ररीतल्या पुस्तकात तिचं चित्र पहिल्यांदा बघितलं, तेव्हा मला ती बोजड वाटली होती. बीम-कॉलमची गणितं हाताने करू लागले आणि ती सुंदर दिसायला लागली. ज्या इमारतीच्या अंगावरून वाऱ्याचा जोर खाली जमिनीत कसा उतरतो ते वाचता येतं, ती माझ्या धंद्यातल्या माणसाला आवडणारच.

तरी माझी सगळ्यात लाडकी इमारत शिकागोत नाही. ती मुंबईत आहे, पेडर रोडजवळ कंबाला हिलवर, आणि आजच्या मुंबईच्या मानाने ती बुटकीच म्हणायची. उंची सुमारे ८४ मीटर. नाव कांचनजंगा. चार्ल्स कोरिया यांनी प्रवीणा मेहतांबरोबर तिची आखणी केली, शिरीष पटेल तिचे स्ट्रक्चरल इंजिनिअर होते आणि १९८३मध्ये ती पुरी झाली.

मी ती पहिल्यांदा कॉलेजच्या सहलीत पाहिली. आमचं व्हीआरसीई, आजचं व्हीएनआयटी. बसमधल्या पोरांना हाजी अली बघायचं होतं, आणि मला दिसला तो उजव्या हाताला उभा असलेला एक पांढरा चौकोनी खांब, ज्याच्या कोपऱ्यांचे कुणीतरी सुरीने तुकडे काढून नेले होते. एक कोपरा इथे रिकामा, एक तिथे, प्रत्येक दोन-दोन मजले उंच. आत सावली, आणि सावलीत रंगवलेली भिंत. सर म्हणाले, स्ट्रक्चर बघा, कोपऱ्यात कॉलम नाही. आम्ही बघितलं. खरोखरच नव्हता.

उंच इमारतीत कोपऱ्याला कॉलम नसणं ही साधी गोष्ट नाही. कुठलाही सरळमार्गी इंजिनिअर पहिले चार कॉलम चार कोपऱ्यांत टाकतो. कांचनजंगात सगळा भार आणि वारा मुख्यतः मधल्या काँक्रीटच्या गाभ्यावर आहे, ज्यात लिफ्ट आणि जिने आहेत. तो गाभा स्लिपफॉर्मने ओतला, म्हणजे सेंट्रिंगचा साचा न सोडता हळूहळू वर सरकवत. त्या गाभ्याच्या जोरावर बाहेरचे व्हरांडे ६ मीटरपेक्षा जास्त पुढे, अधांतरी काढले आहेत. इमारतीचा पाया २१ मीटरचा चौरस, उंची त्याच्या चौपट. आत ३२ घरं, तीन बेडरूमपासून सहा बेडरूमपर्यंत, एकमेकांत वरखाली अडकवलेली. त्यामुळे बाहेरून मजले मोजायला गेलं की हिशोब चुकतो. मला हे फार आवडतं. मजले मोजता आले नाहीत की इमारतीची उंची आकड्यातून सुटते.

पण हे सगळं कशासाठी केलं, ते खरं महत्त्वाचं. मुंबईत समुद्राचा वारा आणि समुद्राचा देखावा दोन्ही पश्चिमेला. घर तिकडे उघडायलाच हवं. आणि कडक ऊन, पावसाचा मारा हेही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी ही अडचण केव्हाच सोडवली होती. राहायच्या खोल्या मध्ये आणि भोवताली खोल व्हरांडा. ऊन-पाऊस व्हरांड्यात अडतो आणि वारा तेवढा आत येतो. कोरियांनी तो व्हरांडा घेतला, दोन मजले उंच केला आणि आभाळात नेऊन ठेवला. आमच्या सिव्हिल लाइन्समधल्या इंग्रजी अमदानीतल्या बंगल्यांत ज्याने एखादी दुपार काढली आहे, त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

यातलं गणित थोडं सांगते, कारण ते घर घेणाऱ्या कुणालाही उपयोगी आहे. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. २६ मेच्या आसपास सूर्य दुपारी बरोबर आपल्या डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. तेव्हा भरदुपारी ऊन भिंतीला लागतच नाही, सगळं गच्चीवर पडतं. खिडकीवरचा दोन फुटी छज्जाही त्या वेळी मजेत काम करतो. खरा छळ चारनंतर. सूर्य तेव्हा पश्चिमेला साधारण पस्तीस अंशांवर उतरलेला असतो आणि तोच दोन फुटी छज्जा खिडकीवर जेमतेम दीड फूट सावली पाडतो. बाकीची काच तापत राहते. पाच वाजता तर तो छज्जा असून नसल्यासारखा. पश्चिमेचं ऊन अडवायचं तर एक तर खूप खोल व्हरांडा हवा, नाहीतर उभ्या पट्ट्या, नाहीतर तिथे खिडकीच नको. आमचे जुने आर्किटेक्ट पश्चिमेला जिना, बाथरूम आणि कपाटं लावून टाकत. दिसायला साधं, पण बेडरूम वाचायची.

ही तिसरी युक्ती, तिकडे खिडकीच नको, एका माणसाने सत्तावीस मजल्यांवर करून दाखवली. सौदी अरेबियात जेद्दा इथे तेव्हाच्या नॅशनल कमर्शियल बँकेची त्रिकोणी इमारत आहे, अमेरिकेतल्या एसओएम या आर्किटेक्ट कंपनीच्या गॉर्डन बनशाफ्ट यांनी केलेली. योगायोग असा की तीही १९८३मध्येच पुरी झाली. तिला बाहेरून खिडक्याच नाहीत. दगडाची कोरी भिंत, आणि तिच्यात कित्येक मजले उंचीचे मोठे चौकोनी बोगदे कापलेले. सगळ्या ऑफिसांच्या खिडक्या त्या बोगद्यांच्या आत, सावलीत, मधल्या चौकाकडे तोंड करून. चौकाभोवती खोल्या हे आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या कुठल्याही वाड्याचं गणित. इथे ते चौक एकावर एक रचलेत. फझलुर खान यांनी याच एसओएमसाठी याच जेद्दात हज टर्मिनलचं तंबूंचं छत केलं आणि १९८२मध्ये त्याच शहरात ते गेले. एखाद्या बिल्डरला वाळवंटातलीच इमारत हवी असेल, तर मी हल्ली त्याला ही दाखवते. तो म्हणतो, मॅडम, ही तर बंद पेटी दिसते. दिसतेच. पण आत बसणाऱ्याला विचारा.

न्यूयॉर्कची गंमत उलटी आहे. १९१५मध्ये तिथे इक्विटेबल नावाची इमारत सरळ फुटपाथपासून उठून वर गेली आणि तिची सावली आजूबाजूच्या एकरानुएकर जागेवर पडली. लोक इतके चिडले की पुढच्याच वर्षी शहराने नियम केला, वर जाताना इमारतीने पायरी-पायरीने मागे सरकायचं, म्हणजे खाली रस्त्यावर ऊन पोचेल. क्रायस्लर, एम्पायर स्टेट या सगळ्यांच्या अंगावरच्या पायऱ्या म्हणजे त्या नियमाचीच छाप. आपल्याकडेही पुढे कितीतरी जणांनी त्या पायऱ्या शोभा म्हणून उचलल्या. एवढी सावली कुणी मे महिन्यात सीताबर्डीच्या मेन रोडवर पाडून दिली असती, तर व्यापाऱ्यांनी त्याचा सत्कार केला असता.

आणि काच. लंडनमध्ये फेन्चर्च स्ट्रीटवर एक टॉवर आहे, वर रुंद होत जाणारा आणि पोटाशी आत वळलेला. २०१३मध्ये त्याच्या बाकदार काचेने ऊन एकवटून खाली रस्त्यावर टाकलं आणि उभ्या केलेल्या एका जॅग्वार गाडीचे भाग वितळले. पुढे त्या काचेवर आडव्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. लंडनचं ऊन ते! आमच्याकडे तसल्या उन्हात लोक संत्र्याच्या फोडी खात गच्चीवर बसतात. मी काचेच्या विरोधात नाही. उत्तरेला काच लावा ना, हवी तेवढी. पण पश्चिमेला उभी काच लावायची, मग आतून पडदे ओढायचे, मग ट्यूबलाइट लावायचे, मग एसीचं बिल बघून सोसायटीत भांडायचं, यातलं सौंदर्य मला आजवर कुणी समजावून देऊ शकलेलं नाही.

दुबईवर मात्र माझा राग नाही. बुर्ज खलिफा, ८२८ मीटर, २०१०पासून जगात सगळ्यात उंच, ती पक्की इंजिनिअरची इमारत आहे. तिला तीन पाकळ्या आहेत, मधल्या गाभ्याला तिन्हीकडून टेकू देणाऱ्या. आणि वर जाताना तिचा आकार मुद्दाम बदलत नेला आहे, म्हणजे वाऱ्याचे भोवरे एका तालात सुटत नाहीत आणि इमारतीला झोके देत नाहीत. मला त्याहून आवडते ती आणखी एक गोष्ट. उन्हाळ्यात तिचं काँक्रीट रात्री ओतत आणि त्यात बर्फ घालत. आमचे मिस्त्री हेच करतात, बर्फाच्या ऐवजी माठातल्या पाण्यावर भागवून. मे महिन्यातला स्लॅब आम्ही पहाटे चारला सुरू करतो. लोखंडी सळईला दुपारी हात लावता येत नाही आणि गिट्टी इतकी तापते की काँक्रीट पंपातच घट्ट व्हायला लागतं. ऊन चढायच्या आत स्लॅब संपवायचा आणि मग आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवायचा. आमच्याकडे एक रेजा, म्हणजे मजूर बाई आहे, छत्तीसगडहून आलेली. सगळ्यात वरच्या मजल्यावर पाणी मारायचं काम ती दुसऱ्या कुणाला देत नाही. "इहां हवा हे," म्हणते.

नागपुरात मला आवडणारी उंच इमारत कुठली, असं कुणी विचारलं की मी जरा चाचरते. रामबागेतल्या कॅपिटॉल हाइट्सचे टॉवर आले, जुन्या गिरण्यांच्या जागांवर टॉवर आले, आता वीस-पंचवीस मजल्यांचं कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. काही नीटस आहेत. पण जिच्यासाठी मी गाडी थांबवीन अशी अजून झालेली नाही. गाडी थांबवते ती हायकोर्टापुढे. ते टॉवर नव्हे, हे मला माहीत आहे. १९३७ ते १९४० या काळात हेन्री मेड यांनी बांधलेली ती वालुकाश्मांची इमारत, वर घुमट, आणि सगळ्या कोर्टांभोवती खोल सावलीचे व्हरांडे. तिने ऊन आधी दाराबाहेर उभं केलं आणि मग आपला रुबाब दाखवला. दीक्षाभूमीचा स्तूपही तसाच. शिवदान मल यांची आखणी, १२० फूट उंच आणि १२० फूट व्यासाचा पोकळ घुमट, २००१मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते खुला झालेला. ऐंशी-नव्वद मजले बांधूनही एखादं शहर एका नजरेत ओळखू येत नाही. नागपूर त्या एका आकृतीवरून ओळखू येतं.

तिसरी, जी आता नाही, ती एम्प्रेस मिल. १ जानेवारी १८७७ला जमशेटजी टाटांनी ती सुरू केली. कोरड्या हवेत सुताचा धागा तुटतो आणि नागपूरची हवा तर अशी. जमशेटजींनी गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवली आणि आगीसाठी पाण्याचे फवारेही, दोन्ही भारतात पहिल्यांदाच असं सांगतात. म्हणजे नागपूरच्या हवेचा विचार आधी आणि इमारत मागून, हे शहाणपण या गावात दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलं आहे. आज त्या जागेवर मॉल आणि फ्लॅट आहेत.

उंचावर राहणं कसं असतं ते मला माझ्या आत्याकडून कळतं. आयुष्य महालात काढलं, आता मुलासोबत बाराव्या मजल्यावर असते. पहिल्या उन्हाळ्यात तिने सवयीने कुरडया घातल्या आणि गॅलरीत चादर पसरली. "इथला वारा वाळवत नाही गं, घेऊन जातो," ती फोनवर म्हणाली. अर्ध्या कुरडया खालच्यांच्या कूलरवर सापडल्या. गच्चीला सोसायटीचं कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी पुण्याला. तिला उंचीची भीती नाही, लिफ्टचीही नाही. लाइट गेले की जनरेटरवर लिफ्ट चालते हे तिने राहायला जायच्या आधीच विचारून घेतलं होतं. तिची तक्रार गॅलरीबद्दल आहे. साडेतीन फुटांची गॅलरी, तीत खुर्ची टाकली की दार उघडत नाही, आणि संध्याकाळी सहापर्यंत कठड्याला हात लावता येत नाही.

गॅलरी साडेतीन फुटांची का, तर पैसा. २०२० सालच्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीपासून गॅलरीचं क्षेत्रफळही चटई क्षेत्रात, आपल्या रोजच्या भाषेत एफएसआयमध्ये, धरलं जातं. त्याआधी गॅलरी सवलतीत मिळायची आणि लोक ती काचा लावून खोलीत घालायचे, म्हणून सरकारचंही अगदीच चुकलं असं नाही. पण परिणाम असा की आज बिल्डरला खोल व्हरांडा आणि मोठा हॉल यांतलं एकच काहीतरी विकता येतं, आणि जाहिरातीत हॉल लिहिता येतो. त्यात माझ्या बाजूचाही खर्च आहे. अधांतरी काढलेला स्लॅब दुप्पट बाहेर नेला की त्याच्या मुळाशी येणारा ताण चौपट होतो. सळई वाढते, जाडी वाढते, आणि ती वाढलेली जाडी आणखी वजन घालते. मग बिल्डर विचारतो, मॅडम, सावलीचा रेट काय पडला?

सध्या माझ्या टेबलावर एका बावीस मजल्यांच्या इमारतीचे नकाशे आहेत, विमानतळापासून पुरेशा लांब. आर्किटेक्ट एक तरुण मुलगी आहे, अमरावतीची. तिने पश्चिमेला दोन-दोन मजले उंच, आठ फूट खोल गॅलऱ्या दिल्या आहेत, एका मजल्याला उजवीकडे, पुढच्याला डावीकडे. कोपऱ्यात कूलरसाठी वेगळा ओटा आहे, नळ आहे आणि पाणी जायला मोरीसुद्धा. कांचनजंगा पाहिलीस का, असं मी विचारलं नाही, पाहिलीच आहे. बिल्डरला आठाचे चार फूट करून हवेत. मी दोन्हींचा हिशोब करून पाठवला. त्याचं उत्तर आलं की निदान खालचे मजले तरी कापू, तिथे आजूबाजूच्या घरांची सावली असते. त्याचं म्हणणं तसं बरोबर आहे. मी परवा साइटवर दुपारी चारला जाऊन आले. पश्चिमेच्या हद्दीवर जुने कडुनिंब आहेत, चांगले चौथ्या मजल्यापर्यंत जातात. तेव्हा चौथ्यापर्यंत चार फूट चालतील, पाचव्यापासून वर आठच ठेवा आणि कडुनिंबाला हात लावू नका, असं मी काल लेखी कळवलं. आर्किटेक्टने लगेच दुरुस्त नकाशा पाठवला आहे, आणि त्यात झाडंही मोजून दाखवली आहेत.